मारिओचं आठवं जग बघायचंय? जुने व्हिडिओ गेम शेवटपर्यंत खेळण्याची वाट

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा. नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्या माणसाला मारिओबद्दल विचारा, पहिली स्टेज तो तोंडपाठ सांगेल. कुठल्या चौकोनात मशरूम आहे, कुठल्या पाइपातून खाली उतरायचं, झेंड्याच्या टोकाला उडी कशी लावायची, सगळं. मग विचारा, आठव्या जगाच्या शेवटी काय होतं? बहुतेक जण गप्प होतात. सेट शेजारच्यांचा किंवा भाड्याने आणलेला असायचा, पाठीमागे चार पोरं 'आते मन्ही बारी' (आता माझी पाळी) म्हणत उभी असायची, आणि रंगात आलं की वीज जायची. शिवाय कॅसेटवर '९९९९९९ इन १' असं छापलेलं. एका गेममध्ये दोनदा मेलं की लगेच दुसरा लावायचा, ही सवय तिथेच लागली.

आता वीज बरीच टिकते, बारीसाठी मागे कुणी उभं नसतं, आणि हजारो गेमांचा संग्रह फोनमध्येही मावतो. तरी जुनी सवय सुटलेली नाही. नवा माणूस संग्रह उघडतो, पंधरा मिनिटांत वीस गेम चाळतो आणि 'काय खास नाही' म्हणून बंद करतो. हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. माझं सांगणं एकच आहे: संग्रह चाळू नका. मोजके गेम घ्या आणि एकेक शेवटापर्यंत न्या.

कारण हे गेम बनलेच तसे आहेत. १९८५चा सुपर मारिओ ब्रदर्स आख्खा ४० किलोबाइटचा आहे. आज फोनने काढलेला एक साधा फोटोही त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. एवढ्या जागेत लांबलचक गोष्ट बसत नव्हती, म्हणून बनवणाऱ्यांनी गेम लहान ठेवला आणि अवघड केला. पहिली स्टेज फक्त अक्षरओळख करून देते. खरी करामत सहाव्या-सातव्या जगात आहे, आणि तिथवर आपल्यातले फार थोडे पोहोचले.

आपण खेळलो ते नेमकं काय होतं

मूळ यंत्र निन्टेंडो कंपनीचं 'फॅमिली कॉम्प्युटर', म्हणजे फॅमिकॉम. जपानमध्ये ते जुलै १९८३मध्ये आलं. १९८५पासून अमेरिकेत तेच यंत्र रूप बदलून 'एनईएस' नावाने विकलं गेलं. आपल्या बाजारात पोहोचल्या त्या मुख्यतः त्याच्या नकला. आत तेच तंत्र, बाहेर वेगळं खोकं आणि वेगळं नाव. कॅसेटवरचे लाखांचे आकडेही खरे नसायचे. पंधरा-वीस गेम असायचे आणि तेच पुन्हा पुन्हा यादीत यायचे, कुठे जास्त लाइफ देऊन, कुठे पुढच्या स्टेजपासून सुरू करून.

पुढच्या पिढ्या थोडक्यात सांगतो. सेगाचं १६ बिटचं मेगा ड्राइव्ह १९८८चं, निन्टेंडोचं सुपर फॅमिकॉम १९९०चं, सोनीचं प्लेस्टेशन १९९४चं. सुरुवात मात्र ८ बिटपासूनच, म्हणजे फॅमिकॉमपासूनच करा. बटणं दोनच, नियम थोडे, आणि चूक झाली तर ती कुठे झाली हे लगेच कळतं. प्लेस्टेशनपासून सुरू केलेला माणूस मागे यायला कंटाळतो, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

गेम आणायचे कुठून

सरळ मार्ग म्हणजे कंपन्यांनी स्वतः काढलेले संग्रह. ते कॉम्प्युटरवर आणि आजच्या कन्सोलवर विकत मिळतात, आणि अधूनमधून ऑनलाइन दुकानांत बऱ्याच सवलतीत येतात. नवख्याने हे तीन लक्षात ठेवावेत. कोनामीचा 'कॉन्ट्रा अॅनिव्हर्सरी कलेक्शन' २०१९चा आहे. कॅपकॉमच्या 'मेगा मॅन लेगसी कलेक्शन'मध्ये पहिले सहा मेगा मॅन आहेत, तो २०१५चा. आणि २०२०च्या 'नामको म्युझियम आर्काइव्ह्ज'च्या दुसऱ्या भागात बॅटल सिटी आहे, म्हणजे आपला टँकचा गेम. मारिओ आणि झेल्डा मात्र निन्टेंडो आपल्याच यंत्रांवर देते.

दुसरा मार्ग इम्युलेटरचा. जुन्या यंत्राची नक्कल करणारा हा प्रोग्राम. रेट्रोआर्च हा त्यातला फुकट आणि चांगला, अँड्रॉइडवरही चालतो. इम्युलेटर वापरण्यात गैर काही नाही, पण इंटरनेटवरून कुठूनही उतरवलेल्या गेमच्या फायली कॉपीराइटचा भंग करतात, हे स्पष्ट सांगायला हवं. हक्काने विकत मिळणाऱ्या फायलीही आहेत. आजही काही मंडळी फॅमिकॉमसाठी नवे गेम लिहितात. २०१९चा 'मायक्रो मेजेस' त्यातलाच. तो बरोबर ४० किलोबाइटमध्ये बसवला आहे आणि चार जण एकत्र खेळू शकतात. इम्युलेटर शिकायला याहून चांगली सुरुवात नाही.

तिसरा मार्ग बाजारातल्या '४०० इन १' छोट्या खेळण्यांचा. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी किंवा जत्रेतल्या दुकानात ती दिसतात. लहान मुलाला चव लागावी म्हणून ठीक आहेत, पण त्यातले गेम विनापरवाना भरलेले असतात, आणि पुष्कळांत गेम मध्येच जपून ठेवायची सोय नसते. शेवटपर्यंत खेळायचं असेल तर ती कामाची नाहीत.

आणि माळ्यावर जुना सेट सापडला, तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

जुना सेट उठवताना

आधी अॅडॅप्टर. सेटच्या पोटाखाली किंवा पाठीमागे किती व्होल्ट लागतात ते लिहिलेलं असतं. पिनेच्या आतल्या बाजूला अधिक की उणे, याची छोटी खूणही असते. नकली सेटांत ही खूण सारखी नसते, म्हणून घरात पडलेला कुठलाही अॅडॅप्टर खुपसू नका. खूण पुसली गेली असेल तर इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याकडे सेट घेऊन जा, तो मीटर लावून सांगेल.

मग कॅसेट. आपण सगळे तिच्यात फुंकर मारायचो. ती फुंकर आता सोडा. तोंडातली वाफ तांब्याच्या पट्ट्यांवर बसते आणि त्या हळूहळू काळ्या पडतात. गेम चालू व्हायचा तो फुंकरीने नव्हे, कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने. औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला ते लावून पट्ट्या हलक्या हाताने पुसा, काडी काळी निघेल. दुसऱ्या काडीने पुन्हा पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच बसवा. आपल्याकडे उन्हाळी वावटळींची माती आणि जिनिंगच्या गावांत कापसाची धूळ कुठेही शिरते. म्हणून खेळून झालं की कॅसेट पिशवीत आणि सेटवर कापड, एवढी शिस्त पाळाच.

जोडणी सोपी आहे. पिवळी पिन चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. जुन्या नकली सेटांना आवाजाची एकच पिन असते, ती पांढऱ्या जागी लावा. त्याहून जुन्या सेटांना अँटेनाच्या जागी लागणारी वायर असते. मग टीव्हीवर चॅनेल शोधत बसावं लागतं, तो सापडेपर्यंत धीर धरा.

नव्या चपट्या टीव्हीवर जोडलंत तर एक गोष्ट तपासा. बटण दाबल्यावर मारिओ उडी मारायला किंचित उशीर करतो का? चपटा टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो. पिनांवरून एचडीएमआय करणारा स्वस्त डबा त्यात भर टाकतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो लावा. फरक इतका पडतो की काल अशक्य वाटलेली उडी आज जमते. चित्र रुंदावूनही घेऊ नका. हे गेम ४:३ आकारासाठी काढलेले आहेत. १६:९ केलं की मारिओ बुटका दिसतो आणि अंतराचा अंदाज चुकतो.

डक हंटची बंदूक मात्र चपट्या टीव्हीवर चालणार नाही, कितीही खटपट केली तरी. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीतला प्रकाश ओळखणारा भाग तो चौकोन दिसला का, एवढंच बघतो. हा सगळा हिशेब जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेगावर बांधलेला आहे. म्हणून बदकं मारायची असतील तर पेटीसारखा जुना टीव्हीच हवा. असा टीव्ही मिळाला तर तो उघडू मात्र नका. आतला विजेचा उच्च दाब बंद केल्यावरही काही काळ टिकतो, ते काम जाणकाराचंच. डक हंटमध्ये आणखी एक गंमत आहे, जी आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नव्हती. एका बदकाच्या खेळात दुसऱ्या माणसाने रिमोट (बटणांचा कंट्रोलर) हातात घेतला तर त्याला बदक उडवता येतं.

संग्रहात कुठे 'पाल' आणि 'एनटीएससी' असे टीव्हीच्या चित्राच्या पद्धतींचे दोन पर्याय दिसले, तर एनटीएससी निवडा. पाल पद्धतीत सेकंदाला ५० चित्रं, जपान-अमेरिकेच्या पद्धतीत ६०. युरोपसाठी काढलेले कित्येक गेम त्यामुळे साधारण सहाव्या हिश्श्याने हळू चालतात, गाणंही रडल्यासारखं वाटतं.

आणि खेळताना गर्दीच्या जागी माणसं-गोळ्या लुकलुकायला लागल्या, तर सेट बिघडला असं समजू नका. फॅमिकॉमला एका आडव्या ओळीत फक्त आठ हलती चित्रं दाखवता येतात. नववं आलं की ती आळीपाळीने दिसतात.

हाताला वळण

फोनच्या काचेवर बोटं घासून हे गेम संपत नाहीत. वायरचा साधा यूएसबी गेमपॅड घ्या, फोनसाठी ओटीजी केबल लावा. मारिओत बी बटण धरून पळायचं असतं आणि त्याच वेळी ए दाबून उडी मारायची असते. दोन बोटं वापरू नका. उजव्या अंगठ्याचं टोक बी वर ठेवा आणि त्याच अंगठ्याचा खालचा भाग ए वर टेकवा. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, दोन-तीन संध्याकाळी गेल्या की हात आपोआप तिथे जातो. हे एक जमलं की अर्धे गेम सोपे होतात.

कुठला गेम आधी

पहिला बॅटल सिटी घ्या, आणि तो जोडीने खेळा. नामकोचा १९८५चा गेम, ३५ स्टेज, प्रत्येक स्टेजला शत्रूचे वीस टँक. ते वरच्या तीन जागांहून येतात: डावा कोपरा, मध्य, उजवा कोपरा. खाली विटांच्या आड गरुडाचं चिन्ह असतं. ते फुटलं की तुमची कितीही लाइफ उरली असली तरी खेळ संपला. म्हणून एकाने वर जायचं आणि दुसऱ्याने घर सांभाळायचं. घरातल्या वडीलधाऱ्यांना या गेमला बसवा. 'आबा, तुम्ही गरुडापाशी थांबा, मी वर जाऊन येतो' म्हटलं की 'मी आठेच हुभा शे, तू जाय पुढे' असं म्हणत आबा कोपऱ्यातून एकही टँक येऊ देत नाहीत. रिमोटवर बोटं वेगाने फिरत नसली तरी चालतं, नजर मात्र पाहिजे, आणि ती त्यांच्याकडे असते.

लुकलुकणारा टँक मारला की बक्षीस येतं. त्यातला तारा सोडू नका. पहिल्या ताऱ्याने गोळी वेगवान होते, दुसऱ्याने दोन गोळ्या एकामागे एक सुटतात, तिसऱ्याने लोखंडी भिंतही फुटते. फावडं घेतलं की गरुडाभोवतीची वीट थोडा वेळ लोखंडाची होते. मेलात की सगळे तारे जातात, म्हणून तिसरा तारा मिळालेल्याने धाडस करायचं नाही. जोडीदाराला गोळी लागली तर तो काही क्षण थिजतो, यावरून घरात भांडणं होतात, आधीच ठरवून घ्या. पस्तिसाव्या स्टेजनंतर नकाशे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. तिथे पोहोचलात की हा गेम संपला असं माना.

दुसरा सुपर मारिओ. आठ जगं, प्रत्येकात चार स्टेज, एकूण ३२. एक गोष्ट आपल्या पोरांच्या टोळीत फार थोड्यांना ठाऊक होती. गेम ओव्हर झाल्यावर सुरुवातीच्या पडद्यावर ए बटण दाबून धरा आणि मग स्टार्ट दाबा. ज्या जगात मेलात त्याच जगाच्या पहिल्या स्टेजपासून गेम सुरू होतो. एवढं ठाऊक असतं तर कितीतरी उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत आठवं जग दिसलं असतं.

१-२ मध्ये, म्हणजे पहिल्या जगाच्या दुसऱ्या स्टेजमध्ये, छतावरून पळत जाऊन पुढच्या जगात उडी घेण्याची वाट सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या खेपेला ती घेऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या जगात हात तयार होतो, तो न होता चौथ्यात गेलात तर तिथेच अडकाल. लाइफ कमी पडत असतील तर ३-१ च्या शेवटी पायऱ्यांवरून दोन कासवं उतरतात. त्यातल्या एकाच्या पाठीवर पायरीशी बरोबर उडी बसली की कवच आदळून परत येत राहतं, आणि प्रत्येक उडीला गुण आणि मग लाइफ मिळत जातं. पण १२७ च्या पुढे जाऊ नका. यंत्राचा आकडा तिथे उलटतो, आणि पुढच्या मरणाला थेट गेम ओव्हर होतो.

४-४ आणि ७-४ हे किल्ले चकवा देतात. चुकीच्या मजल्यावरून गेलात तर तोच रस्ता पुन्हा पुन्हा येतो. वर गेलो की खाली, हे कागदावर लिहून ठेवलं तर तिसऱ्या फेरीत वाट सापडते. आठव्या जगात मध्ये मेलात तर अर्ध्यातून सुरुवात मिळत नाही, प्रत्येक स्टेज पहिल्यापासून. ८-३ मध्ये हातोडे फेकणारे भाऊ जोडीने उभे असतात. थांबलात की हातोड्यांचा पाऊस वाढतो. आगीची ताकद टिकवून तिथे पोहोचा आणि ते उडी मारत असताना खालून निघून जा. ८-४ पाइपांचा चक्रव्यूह आहे, तो मी इथे उलगडणार नाही. तो शोधण्यातच त्या गेमचं सगळं सुख आहे.

तिसरा कॉन्ट्रा. १९८७ला आर्केडवर (नाणं टाकून खेळायच्या यंत्रावर) आणि १९८८ला एनईएसवर आलेला. आठ स्टेज. सुरुवातीच्या पडद्यावर बटणं अशी दाबा: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए, आणि स्टार्ट. तीस लाइफ. दोघे असाल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. हा क्रम पहिल्यांदा कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६च्या ग्रॅडियस गेममध्ये घातला, कारण तपासणी करताना तो गेम त्यांना स्वतःलाच फार अवघड जात होता. तीस लाइफ घेऊन कॉन्ट्रा संपवणं यात कमीपणा काही नाही. पहिल्यांदा तसाच संपवा, सगळ्या स्टेज डोळ्यांखालून घाला, मग तीन लाइफवर या. 'एस' अक्षराची पसरणारी गोळी मिळाली की दुसरं कुठलंही अक्षर उचलू नका. धबधब्याच्या स्टेजला जोडीदाराला मागे टाकून भराभर वर चढू नका. पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो.

चौथा 'अॅडव्हेंचर आयलंड', आपल्याकडचा आयलँडर. हडसन कंपनीचा १९८६चा. टोपीवाला माणूस फळं खात पळतो. फळ चुकलं तर वरची ताकदीची पट्टी संपते आणि तो मरतो, म्हणून थांबून विचार करायला वेळच नाही. फोडायच्या अंड्यांपैकी एखाद्यातून वांगं निघतं आणि ते मागे लागून सगळी ताकद शोषून घेतं. भरिताच्या मुलखातल्या माणसाला हे पटणं कठीण आहे, पण या गेमपुरतं वांग्यापासून दूर राहा. पहिल्याच राउंडच्या शेवटाजवळ मधमाशीचं चिन्ह लपलेलं आहे. ते मिळालं तरच गेम ओव्हरनंतर पुढे चालू ठेवता येतं. ते घेतल्याशिवाय पुढे जाऊच नका. हा गेम कठीण आहे, खरोखर कठीण. कंटाळा आला तर मध्ये सोडून पाचवा घ्या आणि परत या.

पाचवा मेगा मॅन २, १९८८चा. आठ यंत्रमानव, कुणाशी आधी लढायचं ते तुम्ही ठरवायचं. ज्याला हरवाल त्याचं शस्त्र तुमचं होतं आणि ते दुसऱ्या कुणाला तरी जड जातं. मेटल मॅनपासून सुरू करा. त्याच्या फिरत्या पात्या आठही दिशांना सुटतात आणि पुढचा निम्मा गेम त्या ओढून नेतात. अमेरिकन आवृत्तीत नॉर्मल आणि डिफिकल्ट विचारतात, नॉर्मल घ्या. गेम जपण्यासाठी पाच बाय पाच चौकोनांत लाल ठिपक्यांचा पासवर्ड मिळतो, तो वहीत उतरवा.

सहावा झेल्डा, १९८६चा. इथपर्यंत आलेल्याने हा घ्यावा, आधी नाही. १२८ पडद्यांचा मोकळा मुलूख आणि ९ भुयारं. कुणी काही सांगत नाही. पहिल्याच पडद्यावर एक काळं दार आहे, त्यात शिरा, म्हातारा तलवार देतो. त्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका. शिगेरू मियामोतो यांनी लहानपणी क्योतोजवळच्या डोंगरांत एकट्याने भटकत गुहा शोधल्या होत्या, त्या भटकंतीतून हा गेम सुचल्याचं त्यांनी सांगितलं आहे. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या जंगलात वाट विचारल्याशिवाय फिरलेल्या माणसाला या गेमचा जीव लगेच सापडेल.

टेट्रिस, गॅलागा यांना या रांगेत बसवलेलं नाही, कारण ते संपवायचे गेम नव्हेत. तिथे आपला कालचा आकडा मोडायचा. एनईएसच्या टेट्रिसमध्ये डिसेंबर २०२३मध्ये १३ वर्षांच्या एका अमेरिकन मुलाने लेव्हल १५७ला गेम गोठवून दाखवला. तोवर एवढं पुढे कुणी माणूस गेला नव्हता.

रिवाइंड आणि सेव्हचा नियम

आजच्या संग्रहांत कुठेही गेम जपून ठेवता येतो, काहींत मागेही नेता येतो. यावर माझं मत पक्कं आहे. प्रत्येक उडीआधी सेव्ह करणारा माणूस गेम बघतो, खेळत नाही. शेवटचा पडदा त्याला दिसतो, पण आठवड्याने तीच स्टेज लावली तर त्याला ती येत नाही. दुसऱ्या टोकाला 'आम्ही लहानपणी सेव्हशिवाय खेळायचो' म्हणणारे असतात. नोकरी, शेती, घर सांभाळून खेळणाऱ्याला तो हट्ट परवडत नाही, आणि नवख्यावर तो लादणं अन्यायाचं आहे.

म्हणून मधली रीत सांगतो. सेव्ह फक्त स्टेज सुरू होताना करायचा, मध्ये नाही. रिवाइंड सरावापुरता: एखाद्या खड्ड्यावर किंवा बॉसवर (स्टेजच्या शेवटच्या बड्या शत्रूवर) सारखे मरत असाल तर तिथे मागे-पुढे जाऊन तो तुकडा हातात बसवा. बसला की स्टेजच्या सुरुवातीचा सेव्ह लावा आणि सगळी स्टेज एका दमात काढा. मगच ती पार झाली असं धरा.

आणि गेममधला मूळ पासवर्ड असेल तर तो घ्याच. सेव्हची फाइल फोन बदलताना जाते, वहीतला पासवर्ड राहतो.

वही

शाळेची शंभर पानी वही पुरे. प्रत्येक गेमला दोन पानं. कुठे मेलो आणि का, एवढंच लिहायचं. '७-४, दुसरा मजला, वरून गेलो, परत तेच.' 'मेटल मॅन, पट्टा उलटा फिरला, पात्यावर.' तीन-चार संध्याकाळींनंतर वही चाळली की दिसतं, आपण दहा ठिकाणी मरत नाही, दोन-तीन ठिकाणीच मरतो. सराव तेवढ्याच जागांचा करायचा. झेल्डासाठी चौकोनी रेघांची गणिताची वही घ्या, एक चौकोन म्हणजे एक पडदा, आडवे १६, उभे ८. मोबाइलवर तयार नकाशा मिळतो, पण पहिली पाच भुयारं तरी स्वतःच्या नकाशावर काढा.

उन्हाळा, वीज आणि आखाजी

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. दुपारी जुना सेट आणि जुना टीव्ही चालवू नका, माणसालाही ती वेळ सोसत नाही आणि यंत्रालाही नाही. सेट टीव्हीच्या डोक्यावर ठेवायची पद्धत सोडा, फरशीवर ठेवा, हवा लागेल असा. व्होल्टेज वर-खाली होणाऱ्या गावात स्टॅबिलायझर लावा. बॅटरीवर गेम जपणाऱ्या जुन्या कॅसेटी, विशेषतः झेल्डा, वीज अचानक गेली तर जपलेलं हरवू शकतात. वादळाची चिन्हं दिसली की आधी गेममधून नीट बाहेर पडा, मग सेट बंद करा.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहिणी माहेरी येतात, भाचरं येतात, ओट्यावर पत्त्यांचे डाव बसतात. घरात दहा पोरं असतात तेव्हा झेल्डा काढू नका. बॅटल सिटी लावा. त्यात स्वतःची स्टेज रचायचा पर्याय असतो, 'कन्स्ट्रक्शन' म्हणून. प्रत्येक पोराने एक स्टेज रचायची आणि दुसऱ्या जोडीने ती खेळायची. बारीवरून भांडण नको म्हणून नियम एकच: लाइफ संपली की रिमोट पुढच्याकडे. एकट्याने झुंजायचे गेम, मेगा मॅन आणि झेल्डा, पावसाळ्याच्या संध्याकाळींसाठी राखून ठेवा.

मारिओ संपल्यानंतर

८-४ मध्ये कुऱ्हाडीला हात लागला, राजकन्या सुटली, की बंद करू नका. तोच गेम पुन्हा सुरू करा. आता चालत्या मशरूमच्या जागी काळ्या कवचाचे भुंगे येतात, त्यांच्यावर आगीचा गोळा चालत नाही, आणि शत्रूंचा वेग वाढलेला असतो. सुरुवातीच्या पडद्यावर बी दाबलं की जगाचा आकडा बदलतो. आठवर आणा, स्टार्ट दाबा, आणि हातोडेवाल्या भावांची ८-३ आता या कठीण फेरीत काढून बघा.